व्हिजिटिंग कार्ड मोबाईलवर आलं, पण वेळेला नंबर सापडतो का?

गळीत हंगाम, लगीनसराई आणि उन्हाळ्यातली बोअरची घाई. या तीन मोसमांत ग्रामीण भागात सगळ्यात जास्त काय फिरत असेल, तर ते मोबाईल नंबर. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम, हार्वेस्टरवाला, मंडपवाला, आचारी, बोअरची गाडी, जळालेली मोटर भरून देणारा कारागीर, रात्री-अपरात्री येणारा जनावरांचा डॉक्टर. यांचा धंदा दुकानाच्या पाटीवर कमी आणि लोकांच्या मोबाईलमध्ये सेव्ह असलेल्या नावावर जास्त चालतो. पूर्वी हे काम छापील कार्ड करायचं. ते कार्ड भिंतीवरच्या कॅलेंडरमागे, नाहीतर मीटरच्या पेटीत खोचलेलं असायचं. आता 'कार्ड व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो' म्हणायची पद्धत पडली आहे.

छपाईचा खर्च वाचतो, कार्ड हरवत नाही, एकाकडून दहाजणांना जातं. हे सगळं खरं. पण 'कार्ड टाकतो' म्हणणारा नेमकं काय टाकतो, हे बघितलं की गोंधळ कळतो. कुणी रंगीत फोटो टाकतो, कुणी मोबाईलमधला कॉन्टॅक्ट पाठवतो, कुणी लिंक, कुणी क्यूआर कोड. चारही गोष्टींना लोक डिजिटल कार्डच म्हणतात. चारहींचा उपयोग वेगळा आणि धोकाही वेगळा. त्यात आता कार्डाच्या नावाखाली खातं रिकामं करणारी फाईलही फिरू लागली आहे.

फोटो दिसतो छान, वेळेला सापडत नाही

सगळ्यात जास्त चालतो तो फोटो. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून छापील कार्डाचं डिझाईन करून घेतलं, तेच फोटो म्हणून ग्रुपवर टाकलं, झालं डिजिटल कार्ड. देवाचा फोटो, मालकाचा फोटो, तीन रंगांत नाव आणि खाली बारीक अक्षरात नंबर.

अडचण अशी की फोटोतला नंबर मोबाईलच्या दृष्टीने नंबर नसतोच, ती नुसती चित्रातली रेघोटी. त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. नवीन फोनमध्ये फोटोतली अक्षरं वाचायची सोय आली आहे, पण ती किती जण वापरतात? बाकीचे फोटो एकदा बघतात, नंबर मनात धरतात आणि डायल करताना एक आकडा चुकवतात. शिवाय ग्रुपवर येणारे सुप्रभातचे फोटो दर पंधरा दिवसांनी साफ करावे लागतात, नाहीतर मोबाईल भरतो. त्या साफसफाईत बोअरवाल्याचं कार्डही जातं. मग पाण्याची बोंब झाली की पुन्हा ग्रुपवर मेसेज पडतो, 'कुणाकडे बोअरवाल्याचा नंबर आहे का?'

धंदेवाल्याच्या बाजूने बघितलं तर हे नुकसान दिसत नाही, म्हणून जास्त. आलेला फोन दिसतो. नंबर न सापडल्यामुळे दुसऱ्याला गेलेला फोन कधीच दिसत नाही.

खरं इलेक्ट्रॉनिक कार्ड तीस वर्षांपूर्वीचं आहे

मोबाईलमधून 'शेअर कॉन्टॅक्ट' केलं की जी छोटी फाईल जाते, तिला व्हीकार्ड म्हणतात. फाईलच्या नावाच्या शेवटी डॉट व्हीसीएफ असतं. ही काही कालची गोष्ट नाही. अ‍ॅपल, एटीअँडटी, आयबीएम आणि सीमेन्स या कंपन्यांच्या गटाने 1995 च्या सुमारास ही पद्धत बसवली. हेतू साधा होता. एका यंत्रातला नाव-पत्ता दुसऱ्या यंत्राने आपोआप ओळखावा, कुणाला पुन्हा टाईप करायला लागू नये. सध्याची चौथी आवृत्ती 2011 ची आहे.

आत असतो साधा मजकूर: नाव, धंद्याचं नाव, फोन, पत्ता, ईमेल. फोटो जोडला नाही तर ही फाईल इतकी हलकी असते की रेंजची एक काडी असली तरी जाते. समोरच्याने फाईलवर बोट ठेवलं की 'सेव्ह करू का' असं मोबाईल विचारतो आणि नंबर थेट फोनबुकात जातो. गॅलरी साफ केली तरी तिथून तो हलत नाही. यासाठी कुठलं अ‍ॅप घ्यावं लागत नाही, कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. स्वतःच्याच नावाचा कॉन्टॅक्ट फोनबुकात नीट भरून ठेवायचा आणि मागेल त्याला पाठवायचा. एवढं फुकटचं आणि पक्कं साधन हातात असताना लोक रंगीत फोटोवर पैसे घालतात, हे जरा नवलच आहे.

मात्र इथे गावाकडची एक खास गंमत होते. कॉन्टॅक्ट पाठवला की पाठवणाऱ्याने ज्या नावाने सेव्ह केला असेल, तेच नाव पुढे जातं. कुणी ट्रॅक्टरवाल्याचा नंबर 'उधारी बाकी' म्हणून सेव्ह केलेला असतो, कुणी 'लेट येणारा वायरमन' म्हणून. पाहुण्याला तो कॉन्टॅक्ट पाठवला की ते बारसंही पाहुण्याच्या मोबाईलमध्ये पोहोचतं. तिथून ते त्या वायरमनपर्यंत यायला गावात कितीसा वेळ लागतो! म्हणून दुसऱ्याचा कॉन्टॅक्ट पुढे पाठवण्याआधी नावावर एक नजर टाकलेली बरी. आणि धंदेवाल्याने स्वतःच आपलं कार्ड पाठवलं, तर नाव काय जावं हे त्याच्या हातात राहतं.

ते नाव कसं असावं, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. नुसतं 'संतोष' असं सेव्ह झालं तर एका मोबाईलमध्ये सात संतोष निघतात. सहा महिन्यांनी मोटर जळते तेव्हा गिऱ्हाईक आठवून 'मोटर' असं शोधतं, 'संतोष' असं नाही. त्यामुळे नावाच्या रकान्यातच नाव, काम आणि गाव, तिन्ही असावं. लिपीचाही घोळ आहे. नाव देवनागरीत सेव्ह असेल आणि शोधणारा इंग्रजी अक्षरांत टाईप करत असेल, तर बऱ्याच मोबाईलवर काहीच सापडत नाही. उलटही तसंच. यावर साधा उपाय म्हणजे नाव मराठीत ठेवायचं आणि कामाचा एक शब्द कंपनीच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत टाकायचा. म्हणजे कुठूनही शोधलं तरी हाताला लागतं.

क्यूआर कोड: फुकट म्हणून घेतलेला महागात का पडतो

क्यूआर कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने 1994 मध्ये बनवला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. आपल्याकडे तो घरोघरी पोहोचला यूपीआयमुळे. भाजीवाल्या मावशीकडेही क्यूआर असतो म्हटल्यावर, दुकानाच्या बोर्डावर आणि टेम्पोच्या मागे संपर्काचा क्यूआर लावायची कल्पना सुचणं साहजिक आहे. कल्पना चांगलीच आहे. पण तालुक्याच्या गावांत सध्या सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच. आणि ती चोरांकडून नाही, तर माहिती नसल्यामुळे.

क्यूआर दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत नाव आणि नंबर त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतच लिहिलेले असतात. कॅमेऱ्याने वाचलं की माहिती समोर. मधे इंटरनेट नाही, कंपनी नाही. असा कोड एकदा छापला की बोर्ड टिकेल तोवर चालतो. फक्त नंबर बदलला तर बोर्डही बदलावा लागतो. याला स्थिर कोड म्हणतात.

दुसऱ्या जातीत ठिपक्यांमध्ये तुमची माहिती नसतेच. असतो तो एका कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता. स्कॅन केलं की मोबाईल आधी त्या कंपनीकडे जातो आणि कंपनी तुमचं पान दाखवते. याचा फायदा असा की बोर्ड न बदलता माहिती बदलता येते, किती जणांनी स्कॅन केलं तेही कळतं. तोटा असा की चावी कंपनीच्या हातात राहते. 'फ्री क्यूआर' म्हणून बनवून देणाऱ्या अनेक वेबसाइट हीच दुसरी जात देतात. आठ-पंधरा दिवसांची मुदत संपली की वर्षाचं भाडं मागतात, आणि नाही भरलं तर कोड बंद. तोवर फ्लेक्स छापून झालेला असतो, टेम्पोवर रेडियम लागलेलं असतं, हजार लग्नपत्रिकांच्या मागे मंडपवाल्याची जाहिरात गेलेली असते. गिऱ्हाईक स्कॅन करतं आणि त्याला 'हा कोड बंद आहे' असं इंग्रजीत दिसतं. दुकानदाराला हे कळतसुद्धा नाही, कारण स्वतःचा बोर्ड कोण स्कॅन करून बघतो?

ओळखायची युक्ती सोपी आहे. छापायला देण्याआधी मोबाईलचं इंटरनेट बंद करून कोड स्कॅन करायचा. नाव आणि नंबर दिसला, तर कोड स्थिर आहे. वेबसाइटचा पत्ता दिसला आणि पान उघडेना, तर मधे कुणीतरी बसलं आहे. एवढी तपासणी डीटीपीवाल्याच्या काउंटरवरच करून घेता येते. अर्धा मिनिट लागतो.

स्थिर कोडालाही मर्यादा आहे. सगळ्यात मोठ्या क्यूआरमध्येही जेमतेम तीन हजार बाइट मावतात, आणि देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइट खातं, इंग्रजी अक्षर एकच. जितका मजकूर जास्त तितके ठिपके दाट आणि बारीक. मग धुळीने भरलेल्या बोर्डावरून स्वस्तातल्या कॅमेऱ्याला ते वाचता येत नाहीत. म्हणून कोडात नाव, काम, गाव आणि नंबर एवढंच घालावं. 'आमच्याकडे सर्व प्रकारची कामे योग्य दरात' हे वाक्य बोर्डावर लिहावं, कोडात नको.

व्हॉट्सअ‍ॅपचा आधार हा मधला मार्ग आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप भारतात जानेवारी 2018 पासून आहे आणि साध्या वापराला फुकट आहे. त्यात दुकानाची वेळ, पत्ता, मालाचे फोटो आणि दर टाकता येतात. त्यातला क्यूआर स्कॅन केला की थेट चॅट उघडतं. फक्त त्यात 'रीसेट' नावाचं बटण आहे, ते चुकून दाबलं गेलं तर जुना छापलेला कोड निकामी होतो. पोराच्या हातात मोबाईल देताना हे लक्षात ठेवावं लागतं.

राहिलं ते टेकवायचं प्लास्टिकचं कार्ड. एनएफसी असलेलं हे कार्ड मोबाईलच्या मागे टेकवलं की माहिती उघडते. शहरातले विक्री प्रतिनिधी ते मिरवतात. गावाकडच्या बहुतेकांच्या बजेटमधल्या फोनला एनएफसीची सोयच नसते. त्यामुळे बाजारसमितीच्या आवारात त्यावर पैसे घालण्यात अर्थ दिसत नाही.

कार्डाच्या नावाखाली येणारी फाईल

आता गंभीर भाग. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल उघडायची सवय लोकांना लागली आहे, आणि ठगांना हीच सवय पाहिजे होती. लग्नपत्रिकेच्या नावाने फाईल पाठवून मोबाईलचा ताबा घेण्याचे प्रकार 2024 च्या लगीनसराईपासून देशभर सुरू झाले. ऑगस्ट 2025 मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने अशीच 'पत्रिका' उघडली आणि सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गमावले. पत्रिका, वाहनाचं चलन, किसान योजनेची यादी, बँकेचं केवायसी अशी नावं बदलत राहतात. 'आमचं कार्ड बघा' हे त्यातलंच पुढचं नाव असू शकतं.

फरक ओळखायचा तो फाईलच्या शेपटीवरून. डॉट व्हीसीएफ असेल तर तो कॉन्टॅक्ट. डॉट जेपीजी म्हणजे फोटो, डॉट पीडीएफ म्हणजे कागद. आणि डॉट एपीके असेल, तर ते कार्डही नाही आणि पत्रिकाही नाही. ते मोबाईलमध्ये बसणारं अ‍ॅप आहे. ते बसवताना मोबाईल 'अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे, परवानगी देऊ का' असं विचारतो. तिथे हो म्हटलं आणि पुढे एसएमएस वाचायची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी परस्पर ठगाला दिसतो. कुणाचंही व्हिजिटिंग कार्ड बघायला काहीही 'इन्स्टॉल' करावं लागत नाही. पाठवणारा सख्खा मेव्हणा असला तरी नाही. कारण त्याचाच मोबाईल आधी गेलेला असू शकतो आणि फाईल त्याच्या नकळत पुढे चालू असते.

डॉट व्हीसीएफ धोक्याची नाही म्हणजे खरीच असेल, असंही नाही. त्यात नाव काय टाकायचं ते बनवणारा ठरवतो, तपासणारं कुणी नसतं. ठगाने स्वतःच्या नंबरापुढे 'महावितरण अधिकारी' लिहून कॉन्टॅक्ट पाठवला, तर मोबाईल तो निमूटपणे सेव्ह करतो आणि पुढच्या वेळी फोन आला की स्क्रीनवर 'महावितरण अधिकारी' झळकतं. 'बिल भरलं नाही, आज रात्री वीज तोडू' या मेसेजने राज्यात कित्येकांना गंडा घातला गेला. अशा वेळी कुणी पाठवलेल्या कॉन्टॅक्टवर न जाता 1912 हा वीज कंपनीचा नंबर स्वतः फिरवलेला बरा. गूगल मॅपवरचा नंबरही डोळे झाकून धरण्यासारखा नाही. तिथे बाहेरचा माणूस दुरुस्ती सुचवू शकतो. याच सोयीचा गैरफायदा घेऊन ठाणे परिसरात बँक शाखांचे नंबर बदलल्याचे प्रकार 2018 मध्येच उघड झाले होते.

ज्यांचे क्यूआर उघड्यावर लागलेले असतात, त्यांना आणखी एक जोखीम आहे. मध्य प्रदेशात खजुराहोमध्ये जानेवारी 2025 मध्ये रातोरात दुकानांबाहेरच्या पैशाच्या क्यूआरवर दुसरे स्टिकर चिकटवले गेले आणि पैसे ठगांच्या खात्यात जाऊ लागले. संपर्काच्या कोडावरही हे होऊ शकतं. सकाळी शटर उघडताना स्वतःचा कोड एकदा स्कॅन करून बघितला तर कळतं.

पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन करायचा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता जास्त. पाहुण्यारावळ्यांना विचारत बसण्यात ते तास जातात.

बचत गटाच्या ताईंचा प्रश्न

पापड, मसाले, गोधड्या करणाऱ्या बचत गटांना ऑर्डर फोनवरच मिळतात. पण कार्डावर नंबर कुणाचा टाकायचा, यावर गाडी अडते. स्वतःचा टाकला तर रात्री अकराला 'हाय' येतं, डीपी बघून मेसेज येतात. नवऱ्याचा टाकला तर ऑर्डर त्याच्याकडे जाते आणि हिशेबही. बऱ्याच गटांचं विक्रीचं गाडं इथेच रुतलेलं असतं, आणि बाहेरून येणारे सल्लागार मात्र पॅकिंगवर बोलत राहतात.

गटाच्या नावाने वेगळं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस चालवणं हा यातला बरा मार्ग. डीपीला गटाचं बोधचिन्ह, उत्तराची वेळ सकाळी दहा ते सहा, बाकी वेळेला आपोआप जाणारा मेसेज. ही सोय अ‍ॅपमध्येच आहे. कार्डात घराचा पत्ता, जन्मतारीख, घरातल्यांचे फोटो टाकायची गरज नसते. गाव आणि तालुका पुरे. ज्या वेबसाइट 'फुकट कार्ड बनवा' म्हणत मोबाईलमधल्या सगळ्या फोनबुकाची परवानगी मागतात, त्यांना ती देऊ नये. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर 18 महिन्यांची मुदत ठेवली आहे. तोवर गेलेली फोनबुकं गेली.

नंबर बदलला की कार्ड खोटं होतं

कार्ड कुठल्याही प्रकारचं असो, ते चालतं नंबरावर. आणि नंबर बदलायची हौस आपल्याकडे फार. दुसऱ्या कंपनीची रिचार्ज स्कीम बरी वाटली की नवीन सिम. खरं तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर जानेवारी 2011 पासून आहे. जुनं सिम फेकून दिलं तर तो नंबर कायमचा मरत नाही. बंद झालेला नंबर किमान 90 दिवसांनी दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयापुढेही 2023 मध्ये मांडलं गेलं आहे. म्हणजे शंभर गिऱ्हाइकांच्या फोनबुकात 'वायरमन' म्हणून असलेला नंबर उद्या भलत्याच जिल्ह्यातल्या माणसाकडे असेल. बँकेला, आधारला आणि यूपीआयला तोच जुना नंबर जोडलेला राहिला असेल, तर प्रश्न धंद्यापुरता राहत नाही.

हीच गोष्ट सरकारी कार्यालयांना जास्त लागू पडते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेले नंबर किती जुने आहेत, हे कुठल्याही गावात बघता येईल. पदांची नावं बदलली, तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले. भिंतीवर मात्र दोन बदल्यांपूर्वीच्या माणसाचा खासगी नंबर. बदली झालेला अधिकारी फोन उचलून 'मी आता तिथे नाही' सांगून थकतो आणि नवीन अधिकाऱ्याचा नंबर गावात चौघांकडेच असतो. दाखला पाहिजे असलेल्या म्हाताऱ्या माणसाला मग त्या चौघांपैकी एकाच्या दारात जावं लागतं.

माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका स्वतःहून प्रसिद्ध करायची आणि वेळोवेळी ताजी ठेवायची आहे. ती मागायला अर्ज करावा लागू नये, हाच त्या कलमाचा हेतू. ग्रामपंचायतीने एक कार्यालयीन सिम घेतलं, ते माणसाला न देता पदाला दिलं आणि त्याचा स्थिर क्यूआर दारावर लावला, तर खर्च एका रिचार्जचा आहे. बदली झाली तरी नंबर तोच राहील. कोड वाचता न येणाऱ्यांसाठी खाली दहा आकडे मोठ्या अक्षरात हवेतच. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, असं पत्र कुणीही ग्रामस्थ देऊ शकतो आणि पत्राची पोच मागू शकतो.